पाहुणा घरचा केव्हा होतो?



आमच्या ओळखीचे एक गृहस्थ आहेत. १९८० च्या आसपास, विशीत असताना, ते उत्तर प्रदेशाच्या पूर्व भागातून वणीकडच्या कोळसा खाणीत कामाला आले. नोकरीची सारी वर्षे त्यांनी खाणीत काढली, मारेगावला छोटेसे घर बांधले, मुलांची लग्ने इथेच लावली. गावात सगळे त्यांना चाचाजी म्हणतात. निवृत्त झाल्यावर ते भेटेल त्याला सांगू लागले, "आता गावी जाणार. उरलेले दिवस आपल्या मातीत काढणार." सामान बांधून दोघे नवराबायको गेलेही. महिनाभरात परत आले.

आम्ही विचारले, "काय झाले चाचाजी? कुणी काही बोलले का?"

ते म्हणाले, "नाही हो, सगळे फार चांगले वागले. भावाने अंगणातली खोली दिली, वहिनीने रोज गोडधोड केले. पण जो भेटेल तो एकच विचारायचा, कधी आलात आणि कधी जाणार? इथे एसटीतून उतरलो, तर चौकातला पानठेलेवाला ओरडला, काऊन जी चाचाजी, इतले दिवस कुठी गेल्ते?"

आम्ही हसलो, पण ते बोलणे मनातून जाईना. 'कधी जाणार?' हा प्रश्न पाहुण्याला विचारतात. 'कुठे होता?' हा प्रश्न घरच्याला विचारतात. पहिला प्रश्न चाचाजींना त्यांच्या जन्मगावी विचारला गेला आणि दुसरा परक्या राज्यात. माणूस आपले राज्य सोडून दुसऱ्या राज्यात का जातो, हे सांगणे सोपे आहे. पण तिथे त्याला घरच्यासारखे का वाटू लागते? एखाद्याला वाटते, एखाद्याला आयुष्य गेले तरी वाटत नाही, असे का? आणि त्यात आपला, म्हणजे आधीपासून राहणाऱ्यांचा, काही वाटा असतो का? यावर आज आपण थोडा विचार करू.

स्थलांतर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे डोक्यावर बोचके घेतलेला मजूर येतो. प्रत्यक्षात ही गोष्ट फार मोठी आहे. २०११ च्या जनगणनेत सुमारे ४५ कोटी भारतीय आपले मूळ ठिकाण सोडून दुसरीकडे राहत असल्याची नोंद झाली. त्यातले बहुतेक आपल्याच राज्यात हललेले होते, तरी राज्य ओलांडून गेलेल्यांची संख्याही पाच कोटींच्या वर होती. स्त्रियांच्या स्थलांतराचे सर्वांत मोठे कारण होते लग्न. म्हणजे परक्या ठिकाणी घर करणे म्हणजे काय असते, हे खाणीतल्या कामगाराच्या आधी आपल्या आया-बहिणींना विचारायला हवे. सासरच्या उंबरठ्यावर माप ओलांडले म्हणून घर आपले होत नाही, हे त्यांना पक्के ठाऊक असते.

आता 'राज्य' या शब्दाकडे पाहू. आपण मारेगाव-वणीकडची माणसे राज्याबद्दल बोलताना जरा जपून बोलायला हवे, कारण राज्ये कशी बदलतात हे आपल्या भागाने चांगलेच पाहिले आहे. आपला यवतमाळ जिल्हा वऱ्हाडातला. १८५३ साली निजामाने वऱ्हाडाचा कारभार इंग्रजांकडे सोपवला. १९०३ साली वऱ्हाड मध्य प्रांताला जोडला गेला. स्वातंत्र्यानंतर १९५० साली त्या प्रांताचे मध्य प्रदेश राज्य झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. १९४० साली इथल्या एखाद्या खेड्यात जन्मलेल्या आजीने एकाच चुलीपुढे बसून चार राज्यांची नावे ऐकली. तिने कधी गाव सोडले नाही, आणि यांतल्या एकाही दिवशी तिला आपण परदेशी झालो असे वाटले नाही.

पैनगंगेपलीकडेही हेच. आदिलाबाद जिल्हा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता, मग आंध्र प्रदेशात गेला आणि २ जून २०१४ पासून तेलंगणात आहे. तिथे आजही मराठी बोलणारी पुष्कळ कुटुंबे आहेत. आपल्याकडे घरात तेलुगू बोलणारी कुटुंबे आहेत. आणि कोलाम बांधव तर नदीच्या दोन्ही बाजूंना राहतात. त्यांची कोलामी बोली द्राविडी कुळातली आहे, आणि ती बोलणाऱ्याला सरकारी नकाशावरची रेघ कुठून जाते याचे फारसे सोयरसुतक नसते. चंद्रपूर जिल्ह्यातल्या जिवती तालुक्यातील सीमेवरच्या चौदा गावांवर तर दोन्ही राज्यांनी हक्क सांगितला. तिथल्या लोकांकडे दोन्ही राज्यांची रेशनकार्डे असल्याच्या बातम्या आपण वर्षानुवर्षे वाचल्या आहेत.

यावरून एक गोष्ट कळते. राज्य म्हणजे कारभाराची सोय. ती आवश्यक आहे, तिचा मान ठेवला पाहिजे, तिच्या भाषेवर प्रेम केले पाहिजे. पण घर ही त्याहून वेगळी वस्तू आहे. राज्य बदलले तरी घर टिकू शकते. तसेच राज्य बदलून गेलेल्या माणसालाही घर मिळू शकते.

मग ते मिळते कशाने?

पहिले उत्तर असे देतात की पोट भरते म्हणून. कोळशाच्या खाणींचे १९७० च्या दशकात राष्ट्रीयीकरण झाले, १९७५ साली वेस्टर्न कोलफील्ड्स ही कंपनी स्थापन झाली, आणि वणी, घुग्घुस, बल्लारपूर या पट्ट्यात दूरदूरची माणसे कामाला आली. कापसाच्या जिनिंगमध्ये आली, रस्त्यांच्या कामांवर आली. पोटासाठी आली हे खरे. पण पोट भरणे हे येण्याचे कारण झाले, घरचे वाटण्याचे नव्हे.

दुसरे उत्तर असे की मुलूख सारखा असला की करमते. यातही तथ्य आहे. पैनगंगेच्या अलीकडे आणि पलीकडे तीच काळी जमीन, तोच कापूस, तीच ज्वारी आणि तूर, तोच मे महिन्यातला जाळ. आदिलाबादहून लग्न होऊन आलेल्या मुलीला इथले शेत परके वाटत नाही. पण मग पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांचे काय? १९६० च्या दशकात त्यांना त्या वेळच्या चांदा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या गडचिरोलीतल्या चामोर्शी-मुलचेरा भागात, वसवण्यात आले. नद्यांच्या पाणथळ मुलखातली ती माणसे जंगलात येऊन पडली. मुलूख अगदी वेगळा होता, तरी त्यांनी तिथे भातशेती केली, गावे वसवली आणि त्यांची नातवंडे आज तिथलीच आहेत. म्हणजे सारखेपणाने मदत होते, पण त्यावाचून अडत नाही.

तिसरे उत्तर असे की वर्षे गेली की आपोआप सवय होते. हे उत्तर किती अपुरे आहे, ते आपण सर्वांनी २०२० साली पाहिले. त्या वर्षी २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी झाली. आपल्या जवळून जाणाऱ्या नागपूर-हैदराबाद महामार्गावर, पांढरकवड्याच्या बाजूने, माणसांची रांग लागली. ती तेलंगणातून निघाली होती आणि मध्य प्रदेश, छत्तीसगड, उत्तर प्रदेशाकडे पायी चालली होती. त्याच वेळी मिरची तोडायला तेलंगणात गेलेले चंद्रपूर-गडचिरोलीचे आपले मजूर तिकडे अडकून पडले होते. रस्त्यावरून जाणाऱ्यांमध्ये काहीजण शहरात नवखे होते, तर काहीजण कितीतरी वर्षे तिथे राबलेले होते. ज्या शहरातल्या इमारती त्यांनी बांधल्या, तिथे संकटाच्या दिवशी त्यांना थांबावेसे वाटले नाही. काम थांबले, भाडे थांबले नाही, आणि "राहा इथेच, आमच्यातली भाकर खा" असे म्हणणारे कुणी दारात आले नाही. ती माणसे तिथे राहत होती, पण तिथे त्यांचे घर झाले नव्हते.

मग चाचाजींचे इथे घर झाले ते कशामुळे? आम्ही त्यांना हे विचारले. त्यांनी तत्त्वज्ञान सांगितले नाही. ते म्हणाले, "एका वर्षी पाऊस लांबला. आमची शेती नव्हती, पगार चालू होता. तरी मी रोज पहाटे उठून आभाळ बघायचो. बायको म्हणाली, तुम्हाला काय करायचे आहे पावसाचे? मग माझ्या लक्षात आले की शेजाऱ्याची दुबार पेरणी मला लागत होती." आणि दुसरी गोष्ट त्यांनी सांगितली. शेजारच्या घरात मुलीचे लग्न होते. मुलीचे वडील दोन दिवस आधी तिजोरीची किल्ली चाचाजींच्या हातात देऊन म्हणाले, "ही तुमच्याजवळ ठेवा, मला धावपळीत सुचणार नाही." चाचाजी म्हणतात, "त्या दिवसापासून मी परप्रांतीय राहिलो नाही."

आमच्या मते सारे उत्तर या दोन गोष्टींत आहे. त्या गावची काळजी येणाऱ्याची स्वतःची व्हावी लागते, आणि गावाने आपली काळजी विश्वासाने त्याच्या हाती द्यावी लागते. यातली एकच गोष्ट घडली तर काम अपुरे राहते. आलेला माणूस गावासाठी झुरतो आणि गाव त्याला दारातच उभे करते, तर त्याच्या मनात कडवटपणा येतो. गाव विश्वास टाकते आणि आलेला माणूस केवळ पैसा मोजत बसतो, तर गावाची फसवणूक होते. सोय घेण्याने माणूस फार तर चांगला भाडेकरू होतो. घरचा होतो तो जबाबदारी घेण्याने आणि मिळण्याने.

येणाऱ्याने घ्यायच्या जबाबदारीत भाषा पहिली. याचे एक जुने उदाहरण आपल्या परिचयाचे आहे. येशूसंघाचे इंग्रज फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्याला आले. त्यांनी इथली भाषा कामचलाऊ शिकून भागवले नाही. तिच्यात ओवी रचण्याइतके ते तिच्यात मुरले, आणि १६१६ साली त्यांचे 'क्रिस्तपुराण' छापले गेले. त्यात त्यांनी मराठीची जी स्तुती केली आहे, ती वाचताना हा माणूस परदेशात जन्मला होता हे विसरायला होते. चाळीस वर्षे राहून १६१९ साली त्यांनी गोव्यातच देह ठेवला. अगदी आपल्या शेजारचे उदाहरण म्हणजे चांदा. १९६२ साली तिथे सिरो-मलबार ख्रिस्तसभेचे कार्यक्षेत्र स्थापन झाले आणि केरळहून धर्मगुरू आले. मल्याळम घरात वाढलेल्या त्या माणसांनी चाळीस-पंचेचाळीस अंश उन्हात मराठी गिरवली. उच्चार चुकले तेव्हा लोक हसले, पण भाषा शिकवली त्या हसणाऱ्यांनीच.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो खरा आहे. इथला तरुण म्हणेल, "आमची जमीन खाणीत गेली, आणि नोकरीच्या रांगेत आम्ही मागे. वर तुम्ही आम्हालाच सांगता, बाहेरच्याला घरचा माना?" हे दुःख आपण हलके समजू नये. खुल्या खाणीसाठी गाव उठते, तेव्हा माणूस राज्य तर सोडाच, तालुकाही न सोडता बेघर होतो. नव्या वसाहतीत पक्के घर मिळते, पण विहिरीवरचा पार मिळत नाही, पूर्वजांच्या जागा मिळत नाहीत. ही तक्रार रास्त आहे. पण ती कुणाकडे करायची, हा प्रश्न आहे. जमीन घेणारा, मोबदला ठरवणारा आणि भरतीचे नियम करणारा तो खाणीतला परगावचा कामगार नव्हता. तोही कुठल्या तरी गावातून, पुरेशी जमीन नसल्यामुळेच निघाला होता. दोन दुबळ्यांनी एकमेकांच्या बाह्या ओढल्या, तर ज्याच्याकडून न्याय मिळायचा तो मजेत बाजूला उभा राहतो. हक्कासाठी भांडावे, जरूर भांडावे. पण ते योग्य दारात.

आणि आपण 'इथले' म्हणवणारे तरी किती इथले? आपल्यातल्या अनेकांच्या घराण्यांत पणजोबा अमुक गावाहून आले अशी गोष्ट सांगितली जाते. कोलाम आणि गोंड बांधवांनी आपल्याला 'कधी जाणार?' असे विचारले असते, तर आपण काय उत्तर दिले असते?

कागदाचा प्रश्नही इथेच पाहू. आपल्या राज्यघटनेच्या १९व्या कलमाने प्रत्येक नागरिकाला देशात कुठेही जाण्याचा आणि स्थायिक होण्याचा हक्क दिला आहे. पण सगळे हक्क बोचक्यात बांधून नेता येत नाहीत. १९९० साली सर्वोच्च न्यायालयापुढे एका विद्यार्थ्याचे प्रकरण आले. तो आंध्र प्रदेशात जन्मलेला, अनुसूचित जमातीतला. नऊ वर्षांचा असताना वडिलांच्या नोकरीमुळे मुंबईला आला आणि तिथेच शिकला. वैद्यकीय प्रवेशाच्या वेळी त्याला महाराष्ट्रात राखीव जागेचा लाभ नाकारण्यात आला, आणि न्यायालयाने तेच कायम ठेवले. कारण जातीजमातींची यादी त्या त्या राज्यातल्या परिस्थितीवरून ठरलेली असते. या नियमामागे विचार आहे. इथल्या कोलाम मुलाच्या वाट्याला धक्का लागू नये, हे आपल्यालाही पटते. तरी नऊ वर्षांच्या वयापासून इथे वाढलेल्या मुलाला तू इथला नाहीस असे कागदाने सांगावे, याची वेदनाही खरी आहे. काही बाबतींत कागद सुधारतो. २०१९ पासून सुरू झालेल्या 'एक देश, एक रेशनकार्ड' योजनेमुळे दुसऱ्या राज्यातही धान्य मिळण्याची सोय झाली आहे. पण शेजाऱ्याचा विश्वास कुठल्याच कार्डावर मिळत नाही. तो शेजाऱ्यानेच द्यावा लागतो.

दुसरा आक्षेप येणाऱ्याच्या मनातला आहे. नव्या गावी आपल्याला करमू लागले की त्याला अपराधी वाटते. म्हातारी आई तिकडे, आणि आपण इकडे सुखात! आपली मुलेही आज पुण्याला, हैदराबादला, नागपूरला आहेत. फोनवर ती म्हणतात, "आता इथेच बरे वाटते," तेव्हा आपल्या छातीत थोडे दुखतेच. त्यांनी आपल्याशी बेइमानी केली का?

बाबिलोनमध्ये बंदिवान होऊन गेलेल्या यहुदी लोकांना यिर्मया संदेष्ट्याने पाठवलेले पत्र अशा वेळी आठवते. ते लोक यरुशलेमसाठी रडत होते, आणि लवकरच सुटका होईल असे सांगणारे खोटे संदेष्टे त्यांना गोड वाटत होते. यिर्मयाने त्यांना सांगितले की घरे बांधा, मळे लावा, मुलाबाळांची लग्ने करा, आणि ज्या नगरात नेले गेला आहात त्या नगराचे भले चिंता, त्यासाठी प्रार्थना करा. यरुशलेम विसरा, असे त्याने सांगितले नाही. आठवण जपायची आणि इथल्या मातीत झाडही लावायचे, या दोन्ही गोष्टी एका हृदयात राहू शकतात. लेक सासरी रमली म्हणून माहेर तुटत नाही. उलट ती रमली नाही, तर माहेरच्यांनाच झोप लागत नाही. आपल्या मुलाला हैदराबादेत कुणी शेजारी किल्ली सोपवत असेल, तर आपण देवाचे आभार मानावेत.

शेवटी एक गोष्ट, जी बोलायला जड जाते. आपल्या जिल्ह्याचे नाव देशभर घेतले गेले ते शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे. कर्ज, नापिकी, कापसाचा भाव ही कारणे आपल्याला माहीत आहेत, आणि त्यांचे उपाय सरकारदरबारी झालेच पाहिजेत. पण अशा कितीतरी घरी गेल्यावर एक वाक्य ऐकू येते, "त्यांनी कुणालाच काही सांगितले नव्हते." ज्या गावात जन्म गेला, त्याच गावात सांगायला एक माणूस उरू नये? म्हणजे परके होण्यासाठी राज्य ओलांडावे लागत नाही. माणूस आपल्या अंगणातही परका होतो, जेव्हा त्याची काळजी दुसऱ्या कुणाची राहत नाही. जी कसोटी आपण बाहेरून आलेल्याला लावतो, ती आधी स्वतःला लावू.

म्हणून या आठवड्यात आपण प्रत्येकाने दोन लहान गोष्टी कराव्यात, असे आम्ही सुचवतो. आपल्या गल्लीत दुसऱ्या राज्यातून आलेले एखादे कुटुंब असेल, तर त्यांना मदत द्यायला नव्हे, मदत मागायला जावे. मुलाला तासभर सांभाळायला सांगावे, घरातल्या कार्यात एखादे काम सोपवावे. मदत दिल्याने माणूस उपकृत होतो, मदत मागितल्याने तो घरचा होतो. आणि आपल्याच गावातला जो शेजारी बरेच दिवस चौकात, बाजारात किंवा मिस्सेला दिसला नसेल, त्याच्या दारात जाऊन विचारावे, "काऊन जी, इतले दिवस कुठी होते?"

तो लगेच काही सांगणार नाही कदाचित. थोडा वेळ बसावे. चहा ठेवतो म्हणाला, तर नाही म्हणू नये.